मातीवाचून भाजीपाला

विषयप्रवेश

वनस्पती काय खातात, असा प्रश्न वर्गात विचारला असता बहुतेक मुले एका सुरात उत्तर देतात, "माती खातात." उत्तर चुकीचे असले तरी त्यात मुलांचा दोष नाही. बी मातीत पेरलेले त्यांनी पाहिलेले असते, खत मातीत घातलेले पाहिलेले असते आणि उपटलेल्या रोपाच्या मुळांना चिकटलेली मातीही पाहिलेली असते. जे डोळ्यांना दिसते त्यावरून अनुमान काढणे हा बालबुद्धीचा स्वाभाविक धर्म होय. ते अनुमान प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहण्याची सवय मुलांस लावणे, हे शिक्षकाचे कार्य आहे.

प्रस्तुत पाठ त्याच दृष्टीने योजलेला आहे. इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी मातीवाचून, केवळ क्षारयुक्त पाण्यात, पालेभाजी कशी वाढवावी. ती वाढवीत असता विज्ञान, गणित, इतिहास व भूगोल या विषयांचा अभ्यास कसा साधावा. आणि ही पद्धत खरोखर काटकसरीची व चिरकाल टिकणारी आहे किंवा नाही, याचा हिशेब स्वतः कसा मांडावा, हे या पाठात सांगितले आहे.

या पाठाची निकड काही शाळांना विशेष आहे. शालेय पोषण आहाराची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाली व २०२१ साली तिला 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे नाव मिळाले. दरम्यान, २०१९ साली शाळांच्या आवारात पोषण-परसबागा कराव्यात अशा मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने दिल्या. ज्या शाळेच्या अंगणात चार बोटे का होईना पण माती आहे, तेथे ही सूचना अमलात आणणे सोपे. परंतु कोकणातील सड्यावर वसलेल्या शाळेपुढे जांभ्या दगडाचा उघडा कातळ पसरलेला असतो. तेथे कुदळ मारली तर खणकन आवाज होतो, ढेकूळ मात्र निघत नाही. शहरातील शाळेचे अंगण फरसबंदीचे असते. अशा शाळांनी परसबागेचा विचारच सोडून द्यावा काय? या प्रश्नाचे एक मर्यादित परंतु प्रामाणिक उत्तर पुढील पाठात आहे.

पूर्वेतिहास

हा विषय शिकविताना आरंभ गोष्टीने करावा. बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे जन्मलेला यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट हा सतराव्या शतकातील शोधक. त्याने एका कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती भरली व तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाच्या जातीचे रोप लावले. पाच वर्षे त्याने त्यास केवळ पाणी घातले. पाच वर्षांनंतर झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले. माती मात्र पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती अवघी दोन औंसांनी कमी भरली. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड माती खात नाही, हे या प्रयोगाने दाखविले. परंतु झाडाचे सर्व शरीर पाण्यापासूनच बनते, असा जो निष्कर्ष त्याने काढला तो चुकीचा होता. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड हा झाडाचा मोठा आहार आहे, ही गोष्ट त्या काळी कोणासच ठाऊक नव्हती. शिवाय, ते दोन औंस त्याने क्षुल्लक मानून सोडून दिले. आणि पुढील सर्व शास्त्र त्या दोन औंसांतच दडलेले होते.

१६९९ साली इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड याने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यात वाढविली. पावसाच्या शुद्ध पाण्यापेक्षा थेम्स नदीच्या पाण्यात, आणि त्याहूनही बागेतील माती कालवलेल्या पाण्यात रोपे अधिक वाढली. याचा अर्थ, पाण्यात विरघळलेले काहीतरी रोपास हवे असते. ते 'काहीतरी' म्हणजे कोणते क्षार, याचा पक्का निर्णय १८६० च्या सुमारास युलियस फॉन झाक्स व विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी केला. त्यांनी माती मुळीच न वापरता, मोजून घेतलेल्या क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवून दाखविली.

प्रयोगशाळेतील ही युक्ती शेतीच्या कामी आणण्याचा प्रयत्न अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून केला. पाणी व श्रम या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून बनलेले 'हायड्रोपोनिक्स' हे नाव त्यांनी १९३७ साली प्रचारात आणले. मराठीत त्यास जलकृषी किंवा मातीविना शेती म्हणता येईल. लवकरच या पद्धतीविषयी अद्भुत कथा पसरू लागल्या. तेव्हा त्याच विद्यापीठातील डेनिस होगलंड व डॅनियल आर्नन यांनी १९३८ साली एक पुस्तिका काढून लोकांस सावध केले. उत्तम मातीत येते त्याहून अधिक पीक पाण्यात येते असे नाही, हा त्यांचा अभिप्राय होता. त्यांनी दिलेले क्षारांचे प्रमाण आजही जगभर वापरले जाते. उत्साह व सत्य यांत अंतर पडू न देणे हे शास्त्रज्ञाचे पहिले कर्तव्य होय, हे मुलांस सांगण्यास हा प्रसंग चांगला आहे.

मातीवाचून शेतीचा खरा उपयोग झाला तो जेथे मातीच नव्हती तेथे. पॅसिफिक महासागरातील वेक या प्रवाळ बेटावर विमानप्रवाशांसाठी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात अशा रीतीने भाजी पिकविली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अॅटलांटिकमधील अॅसेन्शन या ज्वालामुखीच्या खडकाळ बेटावरही तिचा अवलंब झाला. भारतात १९४६ च्या सुमारास दार्जिलिंग भागातील कालिंपोंग येथे जेम्स शोल्टो डग्लस यांनी प्रयोग केले. महागडी यंत्रे नसलेल्या सामान्य माणसाला करता येईल अशी साधी पद्धत शोधणे हा त्यांचा हेतू होता. 'बंगाल पद्धत' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीवरील त्यांचे पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले. शाळेच्या दृष्टीने आणखी सोपी अशी एक रीत हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांनी विकसित केली असून तिचे तीन प्रकार त्यांनी २००९ साली वर्णन केले आहेत. तिला वीज लागत नाही, पंप लागत नाही. प्रस्तुत पाठात तीच स्वीकारली आहे.

मूळ तत्त्व

माती वनस्पतीसाठी चार कामे करते. ती मुळांस आधार देते, पाणी धरून ठेवते, क्षार पुरविते आणि कणांच्या फटींतून मुळांस हवा मिळू देते. माती काढून घेतली की ही चारही कामे माणसाने अंगावर घ्यावी लागतात. यांपैकी पहिली तीन कोणाच्याही ध्यानात येतात. चौथे मात्र हटकून विसरले जाते. मुळेही श्वसन करतात. त्यांस ऑक्सिजन न मिळाल्यास ती कुजतात.

सुकलेल्या रोपाच्या वजनाचा नऊ-दशांशाहून अधिक भाग कार्बन, ऑक्सिजन व हायड्रोजन या तीन मूलद्रव्यांचा असतो. ती हवा व पाणी यांतून मिळतात. उरलेल्या अल्प भागात चौदा आवश्यक मूलद्रव्ये येतात. नायट्रोजन, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक ही त्यांतल्या त्यात अधिक लागतात. लोह, मँगेनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही अतिसूक्ष्म प्रमाणात पुरतात. हेल्मोंटने सोडून दिलेले दोन औंस ते हेच.

साहित्य

शक्यतो नवी वस्तू विकत घेऊ नये. मासळीच्या बाजारातून टाकून दिलेला थर्माकोलचा झाकणाचा खोका मिळवावा. तो विरंजक चूर्णाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा व आतून जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. खोका न मिळाल्यास घरगुती बादली चालेल. कीटकनाशकाचे किंवा रंगाचे डबे मात्र कितीही धुतले तरी वर्ज्य समजावेत. रोपे ठेवण्यासाठी नारळाच्या डोळ्यांकडील बाजूच्या अर्ध्या करवंट्या घ्याव्यात व तिन्ही डोळे खिळ्याने मोकळे करावेत. करवंटीत भरण्यासाठी काथ्याचा भुसा व बारीक खडी लागेल. भुशात क्षार असतात, म्हणून तो तीन-चार वेळा पाणी बदलून धुवावा. याखेरीज सेंटिमीटरच्या खुणा केलेली बांबूची काडी, सामू पाहण्याचा रंगपट्टीचा कागद, तराजू व मोजपात्र एवढे साहित्य पुरे.

पिकांपैकी पालक, लाल माठ, सॅलडची पाने व पुदिना ही नवशिक्यांस सोपी. मुळा, गाजर यांसारखी कंदमुळे व भोपळ्यासारखे मोठे वेल या रीतीत घेऊ नयेत.

क्षारांचे द्रावण

ठिबक सिंचनासाठी मिळणारी, पाण्यात पूर्ण विरघळणारी खते वापरावीत. दोन स्वतंत्र बाटल्यांत दोन दाट द्रावणे करून ठेवावीत.

द्रावण 'अ' : १ लिटर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम.

द्रावण 'ब' : १ लिटर पाण्यात पोटॅशियम नायट्रेट २५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २५ ग्रॅम व मोनो पोटॅशियम फॉस्फेट ७ ग्रॅम.

खोक्यातील प्रत्येक लिटर पाण्यास 'अ' १० मिलिलिटर व 'ब' १० मिलिलिटर घालावे. लोह व इतर सूक्ष्म अन्नद्रव्यांचे तयार मिश्रण मिळते, ते पुडीवरील प्रमाणात शेवटी मिसळावे. दोन्ही दाट द्रावणे एकमेकांत कधीही ओतू नयेत. कॅल्शियमचा सल्फेट व फॉस्फेट यांच्याशी संयोग होऊन पांढरा साका खाली बसतो व तो मुळांच्या उपयोगी पडत नाही. शिक्षकांनी दोन चमचे द्रावण एका काचेच्या पेल्यात मुद्दाम मिसळून हा साका मुलांस दाखवावा. सांगितलेले विसरते, पाहिलेले राहते.

द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ यांच्या दरम्यान असावा. तो अधिक असल्यास लिंबाचा रस थेंबाथेंबाने घालून उतरवावा. हा परिणाम तात्पुरता असल्याने दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. खतांचे डबे कुलपात, विस्तवापासून दूर ठेवावेत. द्रावणे शिक्षकांच्या समक्षच करावीत व नंतर प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

कृती

हंगाम दिवाळीनंतरचा निवडावा. पावसाळ्यात हवा दमट असते व झाकणावरून पाणी आत शिरते. वैशाखात खोक्यातील पाणी तापते. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. म्हणून सकाळचे ऊन मिळेल व दुपारी सावली येईल अशी पूर्वेकडील पडवी उत्तम.

पालकाचे बी रात्रभर भिजवून ओल्या काथ्यात पेरावे. दोन-तीन खरी पाने फुटली म्हणजे रोप करवंटीत बसवावे. झाकणाला करवंटीच्या काठाहून किंचित लहान अशी सहा भोके पाडून त्यांत करवंट्या टेकवाव्यात. खोका आतून ४० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर खोल असला आणि करवंटी ६ सेंटिमीटर खाली लोंबत असली, तर पाणी १५ सेंटिमीटर भरावे. म्हणजे करवंटीचा तळ एक सेंटिमीटर बुडेल. हे पाणी १८ लिटर होते. ते मुलांनीच गुणाकाराने काढावे.

खोक्यात उजेड शिरता कामा नये. शिरल्यास शेवाळ माजते. झाकणाच्या फटी चिंधीने बुजवाव्यात, कारण साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्यास एक वार ठरवून झाकण उचलून पाहावे. भाजी शिकविताना गावात हिवताप-डेंग्यूस आमंत्रण दिले, असे होऊ नये.

यानंतर पाणी घालावयाचे नाही. रोप पाणी पिते, पातळी उतरते. पाणी व करवंटी यांच्यामध्ये जी ओलसर पोकळी निर्माण होते तीत वरची मुळे हवा घेतात आणि खालची मुळे पाणी व क्षार घेतात. एकाच रोपाच्या मुळांत ही कामाची वाटणी आपोआप होते. यातच या रीतीचे सर्व रहस्य आहे.

नमुन्याचा पाठ

पाठ वर्गात कसा फुलतो हे ध्यानात यावे म्हणून सड्यावरील एका दोनशिक्षकी शाळेचा प्रसंग नमुन्यादाखल पुढे दिला आहे. शाळेत असे चार खोके मांडले होते. प्रत्येक खोक्यास तीन विद्यार्थी नेमले होते व त्यांनी रोज पातळी, पानांची संख्या आणि दिसलेला फरक नोंदवहीत लिहावा असा नियम होता.

संक्रांतीच्या सुट्टीनंतर दुपारी मुले पडवीत आली तो चौथ्या खोक्यातील रोपे माना टाकून पडली होती. खोका पाण्याने भरलेला होता. इतर तीन खोक्यांत पाणी निम्म्यावर आले होते, तरी तेथील पालक तरारलेला होता.

"गुरुजी, पाण्यात उभी राहूनही ही तहानलेली कशी?" एका मुलाने विचारले.

गुरुजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी तिसऱ्या व चौथ्या खोक्यातील एकेक करवंटी उचलून शेजारीशेजारी धरली व म्हणाले, "मुलांनो, पाहा आणि जे दिसते तेवढेच सांगा."

"तिसऱ्याची मुळे पांढरी आहेत. वरच्या बाजूला बारीक लव आहे, गुरुजी."

"आणि चौथ्याची?"

"तपकिरी. बुळबुळीत झाली आहेत. वास येतो आहे."

"आता चौथ्या खोक्याची वही वाचा."

वही सातवीतील एका मुलीच्या हाती होती. तिचा चेहरा उतरला. तिने हळू आवाजात वाचले, "मंगळवार. सुट्टी. पाणी फार कमी झाले होते. रोपांना तहान लागली असेल म्हणून दोन कळश्या पाणी आणून काठापर्यंत भरले." सड्यावर पाणी अर्ध्या कोसावरून आणावे लागते. वर्गात कोणी हसले नाही.

गुरुजी म्हणाले, "बाळ, हे तू लिहून ठेवलेस म्हणून आज आपल्याला कारण सापडले. लिहिले नसतेस तर आपण बियाण्याला दोष दिला असता. आता सांगा, पाणी भरल्याने काय नाहीसे झाले?"

मुले विचारात पडली. काही वेळाने तीच मुलगी म्हणाली, "मधली मोकळी जागा, गुरुजी."

"त्या जागेत कोण होते?"

"वरची मुळे. ती बुडाली." थोडे थांबून ती म्हणाली, "त्यांचा श्वास कोंडला."

मुलांनी खोक्यातील पाणी काढून पातळी पूर्ववत केली. सहांपैकी तीन रोपे सावरली, तीन गेली. गेलेल्या रोपांची नोंद त्या मुलीनेच केली. मुळांचे श्वसन हा धडा त्या वर्गास पुन्हा शिकवावा लागला नाही.

शिक्षकांनी ध्यानात ठेवावे की, प्रयोग फसला म्हणजे पाठ फसला असे नव्हे. नोंद खोटी लिहिली तरच पाठ फसतो. ज्या मुलास चुकीबद्दल बोलणी बसतात, ते मूल पुढच्या वेळी वहीत चूक लिहीत नाही. प्रयोगवहीतील खरेपणा टिकविणे हे चार जुड्या पालकाहून मोलाचे आहे.

आजोबांचा आक्षेप

त्याच शाळेत एके दिवशी त्या मुलीचे आजोबा खोके पाहावयास आले. जन्मभर भाताची लावणी केलेला तो माणूस. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका. पण मातीशिवाय शेती म्हणजे आईशिवाय पोर वाढवण्यासारखं झालं. पोरांना मातीचा कंटाळा यायचा याने."

गुरुजी म्हणाले, "आजोबा, तुमचे म्हणणे मुलांसमोरच मांडा. उत्तर मुलांनाच शोधू द्या."

मग मुलांनी फळ्यावर दोन रकाने आखले. खोक्याच्या बाजूस त्यांनी लिहिले: पाणी थोडे लागते, तण होत नाही, कातळावर ठेवता येतो. मातीच्या बाजूस आजोबांनी सांगितले तसे लिहिले: पालापाचोळा व शेण कुजवून माती स्वतः अन्न तयार करते, चूक झाली तरी सांभाळून घेते, एक दिवस विसरले तर पीक मरत नाही, भात, नाचणी, कुळीथ तिच्यातच होतात. खोक्यातील अन्न मात्र कारखान्यातून पुडीत यावे लागते. हा शेवटचा मुद्दा मुलांना सुचला नव्हता.

"म्हणजे खोका हा मातीचा पाहुणा," एक मुलगा म्हणाला, "घरमालक नव्हे." आजोबांना ते पटले. जाताना त्यांनी घरच्या लाल माठाचे बी पाठवून देण्याचे कबूल केले.

हिशेब कसा मांडावा

एखादी पद्धत टिकाऊ आहे असे म्हणण्यापूर्वी तिचा सर्व बाजूंनी हिशेब करावा लागतो. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातील लेट्यूस या पानभाजीविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या कामी उपयोगी आहे. त्याच्या अंदाजाप्रमाणे एक किलो भाजीस शेतात सुमारे २५० लिटर पाणी लागते, तर नियंत्रित हरितगृहातील जलकृषीत सुमारे २० लिटर. येथवर वाचून मुले टाळ्या वाजवतील. परंतु पुढील आकडा असा की, तीच एक किलो भाजी काढण्यास शेतात सुमारे १,१०० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर हरितगृहात सुमारे ९०,००० किलोज्यूल. पाण्याची बचत बारापट, पण ऊर्जेचा खर्च ब्याऐंशीपट. हरितगृह तापविणे व थंड करणे यांतच ही ऊर्जा मुख्यतः खर्च होते.

यावरून शाळेने काय घ्यावे, हे स्पष्ट आहे. पडवीतील खोक्यास सूर्याचा प्रकाश फुकट मिळतो व पंप नसल्याने विजेचे बिल येत नाही. पाण्याची बचत पदरात पडते आणि ऊर्जेचा दोष टळतो. तरीही दोन दोष उरतात. पहिला खतांचा. नायट्रोजनयुक्त खते कारखान्यात पुष्कळ इंधन खर्चून बनतात व स्फुरद खाणीतून काढावे लागते; खाण अक्षय नसते. म्हणून द्रावण मोजूनच करावे. दुसरा दोष उरलेल्या पाण्याचा. कापणीनंतर खोक्यात क्षारयुक्त पाणी शिल्लक राहते. ते विहिरीत, पऱ्ह्यात किंवा ओढ्यात सोडल्यास तेथे शेवाळ माजते व पिण्याचे पाणी बिघडते. ते दुप्पट साध्या पाण्यात मिसळून माडाच्या किंवा केळीच्या बुंध्याशी घालावे. टाकाऊ काथ्या खतखड्ड्यात जावा. फुटका थर्माकोल जाळू नये. त्याचा धूर अपायकारक असतो.

उत्पन्नाविषयीही मुलांस भ्रम होऊ देऊ नये. सहा रोपांच्या खोक्यातून साऱ्या शाळेच्या आमटीस पालक पुरणार नाही. आठवड्यातून एक दिवस एका वर्गाच्या ताटात स्वतः पिकविलेली हिरवी भाजी पडली, तरी ते पुरे मानावे. भाजी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन, शिजवूनच वाढावी.

इतर विषयांशी समवाय

गणितात घनफळ, प्रमाण, टक्केवारी व पातळीचा आलेख येतो. भूगोलात सडा, कातळ, प्रवाळ बेटे व कालिंपोंगचा डोंगरी प्रदेश नकाशात दाखवावा. इतिहासात एका प्रश्नाचे उत्तर तीनशे वर्षांत अनेक देशांच्या माणसांनी कसे थोडेथोडे पुरे केले, हे सांगावे. भाषेच्या तासास नोंदवहीतील एक दिवस निबंधरूपाने लिहवून घ्यावा. नागरिकशास्त्रात पाण्याची वाटणी व सांडपाण्याची जबाबदारी यांवर चर्चा घडवावी.

उपसंहार

ज्याच्यापाशी माती आहे त्याने ती सोडून खोक्यामागे लागावे, असे हा पाठ सांगत नाही. माती काय काय करते हे कळण्यासाठीच ती क्षणभर बाजूला ठेवून पाहावयाची आहे. आईचे घरातील काम ती चार दिवस माहेरी गेल्यावर मुलांस उमगते, तद्वत् माती नसताना तिची चारही कामे हाताने करून पाहिलेला विद्यार्थी पुढे शेतात उभा राहील तेव्हा तिच्याकडे अधिक आदराने पाहील. आणि ज्या अंगणात केवळ कातळ आहे, तेथील मुलासही आपल्या हाताने उगवलेले एक हिरवे पान ताटात पाहता येईल.

स्वाध्याय

१. खोक्यात १८ लिटर पाणी आहे. द्रावण 'अ' व द्रावण 'ब' प्रत्येकी किती मिलिलिटर लागेल?

२. एका खोक्यात आरंभी १८ लिटर पाणी होते. कापणीच्या दिवशी ५ लिटर उरले. भाजी ६५० ग्रॅम निघाली. एक किलो भाजीस किती लिटर पाणी लागले?

३. हेल्मोंटच्या झाडाचे वजन किती पौंडांनी वाढले? माती केवळ दोन औंस घटली असता उरलेले वजन कोठून आले?

४. विजेचे एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. तर ९०,००० किलोज्यूल म्हणजे किती युनिटे? तुमच्या घरी महिन्यास किती युनिटे लागतात त्याच्याशी तुलना करा.

५. पाणी कमी झाले म्हणून खोका काठापर्यंत भरला तर रोपे का कोमेजतात? मुळांचे चित्र काढून स्पष्ट करा.

६. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या शेतकऱ्यास विचारा : "माती असे कोणते काम करते की जे खोका करू शकणार नाही?" त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा व वर्गात वाचून दाखवा.